कोबॉलचा प्रोग्राम जावातून बोलावताना आकडे का फिरतात: पॅरामीटरची सगळी भानगड

प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मागून वाचणाऱ्यालाही पत्ता लागेल. सोलापुरातल्या एका टॉवेल-चादरीच्या होलसेल पार्टीकडं एएस/४०० (आयबीएमचं धंद्याच्या हिशोबाचं मशीन) आहे, त्यावर डीलरच्या उधारीवरचं व्याज काढणारा कोबॉल प्रोग्राम वर्षानुवर्षं चालतोय, आणि आता डीलरला मोबाइलवर बाकी बघता यावी म्हणून आपल्या या भावानं स्प्रिंग बूटमध्ये पोर्टल केलंय, जे जेटी४०० (जावातून एएस/४०० शी बोलायचा आयबीएमचा टूलबॉक्स) वापरून तोच प्रोग्राम बोलावतं. प्रोग्रामला डीलर कोड, तारीख आणि रक्कम जाते, तिकडून व्याज आणि एकूण बाकी परत येते, नाव दोन्हीकडून जातं-येतं. रकमेचं पिक्चर, म्हणजे कोबॉलमधली फील्डची व्याख्या, आहे एस९(७)व्ही९९ कॉम्प-३, म्हणजे चिन्हासकट सात आकडे, मग दोन दशांश, पॅक्ड स्वरूपात. तक्रारी चार. पॅक्ड डेसिमलला ७,२ दिलं तर एमसीएच१२०२ हा एरर येतो. ९,० दिलं तर प्रोग्राम चालतो, व्याजही बरोबर येतंय असं दिसतं, पण बाकी शंभरपट दिसते. मराठी नाव सेव्ह केलं तर परत येताना कचरा. आणि गर्दीच्या वेळी एका डीलरला दुसऱ्याची बेरीज दिसली. शेवटी विचारलंय, "ताई, हा कोबॉल फेकून सगळं जावातच नव्यानं लिहू का?"

नको रे बाबा. व्याजाचे नियम त्या प्रोग्राममध्येच आहेत, दुसरीकडं कुठं लिहून ठेवलेले नसणार, आणि जे लोक ते सांगू शकले असते ते रिटायर होऊन गावाकडं गेलेत. प्रोग्राम बरोबर आहे. बिघाड मधल्या दारात आहे.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की बसव, बाकी सगळं तिच्यातूनच निघतं. कोबॉलला कॉल युझिंग करून जे जातं ते डिफॉल्टनं बाय रेफरन्स असतं, म्हणजे किंमत जातच नाही, मेमरीतला पत्ता जातो. त्या पत्त्यावर किती बाइट आहेत, ते पॅक्ड आहेत का अक्षरं आहेत, दशांश कुठं आहे, यातलं एक अक्षरही सोबत जात नाही. घेणारा प्रोग्राम आपल्या लिंकेज सेक्शनमध्ये (बाहेरून येणाऱ्या पॅरामीटरची व्याख्या असते तो भाग) जे लिहिलंय त्याच चष्म्यातून ते बाइट बघतो. जावात मेथडला चुकीचा टाइप दिला की कम्पायलर तिथंच धरतो, इथं धरायला कोणी बसलेलं नाही. आपल्या जॅकार्ड मागावर कार्डांची माळ असते बघ, एक कार्ड पुढंमागं लागलं तर माग थांबत नाही, चादर विणत राहतो, फक्त मोराच्या जागी भलतंच काहीतरी उमटतं. इथं तेच होतंय.

आता तुझी रक्कम. एस९(७)व्ही९९ मध्ये तुला ७ आणि २ दिसले म्हणून तू एएस४००पॅक्डडेसिमलला ७,२ दिलंस. हे जवळजवळ सगळेच पहिल्यांदा करतात कारण कोबॉल मोजतं दशांशाच्या डावीकडचे आकडे वेगळे आणि उजवीकडचे वेगळे, आणि टूलबॉक्सला हवे असतात एकूण आकडे आणि मग त्यातले दशांशातले. म्हणजे ९,२. एवढाच फरक, पण बाइटमध्ये काय होतं ते बघ. पॅक्डमध्ये एका बाइटात दोन आकडे बसतात आणि शेवटच्या अर्ध्या बाइटात चिन्ह, एएस/४०० वर अधिकला एफ, उणेला डी (मेनफ्रेमवर अधिकला सी). नऊ आकडे अधिक एक चिन्ह म्हणजे दहा अर्धे, म्हणजे पाच बाइट. १२३४५.६७ ही रक्कम ९,२ नं गेली तर बाइट होतात ०० १२ ३४ ५६ ७एफ. दशांशचिन्ह कुठंच नाही, ते व्ही फक्त कोबॉलच्या मनात आहे. तू ७,२ दिलंस तेव्हा चारच बाइट गेले, १२ ३४ ५६ ७एफ, आणि कोबॉलनं पाच वाचले. आता त्याच्या दृष्टीनं चौथ्या बाइटात जिथं आकडा हवा तिथं एफ बसलाय, आणि पाचव्यात शेजारच्या मेमरीत जे काही पडलं असेल ते. एफ हा आकडा नाही, म्हणून हिशोबाला हात घातला की डेसिमल डेटा एरर, एमसीएच१२०२. मेनफ्रेमवाले याच आजाराला एसओसी७ म्हणतात, लिहिताना ओ नव्हे शून्य.

हे एकवेळ ठीक होतं, प्रोग्राम पडला म्हणजे कळलं तरी. खरा घोळ तुझ्या ९,० मध्ये आहे, आणि तू लिहिलंयस की "व्याज मात्र बरोबर येतं". येत नाही. बघ कसं. डीलरची रक्कम ५०,०००. तू ९,० नं पाठवलीस, बाइट गेले ०० ०० ५० ०० ०एफ. कोबॉलनं त्यावर आपला व्ही लावला आणि वाचले ५००.०० रुपये. महिन्याला दीड टक्का धरला तर व्याज आलं ७.५०, ते त्यानं लिहिलं ०० ०० ०० ७५ ०एफ असं. तू परत ९,० नं वाचलंस, दिसले ७५०. आणि ५०,००० चं दीड टक्का खरंच ७५० होतं! जाताना शंभरनं भागलं गेलं, येताना शंभरनं गुणलं गेलं, दोन चुकांनी एकमेकींना खाल्लं. बाकी मात्र कोबॉल त्याच्या फाइलीतून खरी उचलतो, ६२,३००.५० असेल तर ०० ६२ ३० ०५ ०एफ, ती तू वाचलीस ६२ लाख ३० हजार ५०. म्हणून फक्त बाकीच शंभरपट दिसली आणि तुला वाटलं की बाकी दाखवणाऱ्या फील्डमध्येच काहीतरी आहे.

आणि आता समज त्यांच्या नियमात लाखाच्या वर दोन टक्के असा स्लॅब आहे, अशा पार्ट्यांकडं बहुतेक असतोच. दीड लाखाचा डीलर कोबॉलला दिसला १,५०० चा, त्यानं लावला दीड टक्का, व्याज २२.५०, तुझ्या स्क्रीनवर २,२५०. खरं हवं होतं ३,०००. हे कुठं लॉगमध्ये येणार नाही, एरर नाही, वॉर्निंग नाही. शिवाय ९,० मध्ये बसवायला तू जावात दशांशातले पैसे कापले असणार, ते वेगळेच.

त्यामुळं नियम असा की इनपुट आणि आउटपुट दोन्ही ९,२, आणि जावात सगळीकडं बिगडेसिमल. डबल अजिबात नको, अगदी मधल्या एका ओळीपुरतासुद्धा नको. डबलमधून बिगडेसिमल बनवला की १२३४५.६७ च्या मागं दशांशांची लांबलचक शेपटी लागते, स्ट्रिंगमधून बनव. आणि स्केल आपल्या हातानं २ वर आणून मगच बाइट कर, राउंडिंग कुठलं हवं ते तूच सांग. कोबॉलमध्ये कम्प्युटला राउंडेड लिहिलेलं नसेल तर तो सरळ कापतो, म्हणजे जावाचं डाउन. राउंडेड लिहिलं असेल तर साधारण आपल्या शाळेतल्यासारखं अर्धा वर, म्हणजे जावाचं हाफ अप. जावावाले कुठून तरी हाफ इव्हन उचलून आणतात आणि मग महिन्याअखेरीस पैशापैशाचे फरक शोधत बसतात. सोर्स उघडून बघ, अंदाज नको.

अजून एक, एस९(७)व्ही९९ मध्ये जास्तीत जास्त ९९,९९,९९९.९९ बसतात. एक कोटी बसत नाही. कोबॉलमध्ये ऑन साइझ एरर लिहिलेलं नसेल तर तो वरचा आकडा गुपचूप सोडून देतो. टॉवेलच्या एक्सपोर्टवाल्या डीलरची बाकी कोटीच्या वर जात असेल तर ते आताच मालकांच्या कानावर घाल.

आउटपुट पॅरामीटरबद्दल एक बारीक गोष्ट जी कोणी सांगत नाही. तू व्याजाच्या पॅरामीटरला नुसती लांबी दिलीयस, डेटा दिलेला नाहीस. तिथं तिकडं पाच शून्य बाइट असले तर शेवटचा अर्धा बाइट शून्य, तो वैध चिन्ह नाही. कोबॉलनं त्यात आधी मूव्ह केलं तर काही होत नाही, पण कोणा शहाण्यानं थेट अॅड करून बेरीज चढवली असेल तर परत एमसीएच१२०२. म्हणून पैशाच्या प्रत्येक आउटपुटला इनपुट-आउटपुट करून आत नीट पॅक केलेलं शून्य पाठव, ०० ०० ०० ०० ०एफ. हाच प्रकार ग्रुपला मूव्ह स्पेसेस केल्यावर होतो, पॅक्ड फील्डमध्ये ४० ४० ४० भरतात कारण इबीसीडिकमध्ये (आयबीएमच्या मशीनवरची अक्षरांची कोडपद्धत) स्पेस म्हणजे ४०, आणि मग लोक म्हणतात आम्ही तर काही पाठवलंच नाही मग एरर कसला.

आणि लांबी. प्रोग्राम आउटपुटला जितकं लिहितो तितकी जागा तू दिलीच पाहिजेस. लिंकेजमध्ये एक्स(८०) असताना तू ५० सांगितलेस तर तो ८० च लिहिणार, उरलेले ३० कोणाच्या तरी डोक्यावर. कधी चालतं, कधी भलताच व्हेरिएबल बदलतो, कधी जॉब पडतो, आणि टेस्टिंगला नेमकं चालतं.

दुसऱ्या कुठल्या फील्डला नुसतं कॉम्प लिहिलेलं दिसलं तर थांब. मेनफ्रेमवर कॉम्प म्हणजे बायनरी. एएस/४०० च्या आयएलई कोबॉलमध्ये डिफॉल्टला कॉम्प म्हणजे कॉम्प-३, म्हणजे पॅक्डच! बायनरी हवं असेल तर तिथं कॉम्प-४ किंवा बायनरी असं लिहितात, आणि कम्पाइल करताना कॉम्पअॅझबिन हा ऑप्शन दिला असेल तरच कॉम्प बायनरी होतं. म्हणजे नुसतं सोर्स बघून कळत नाही, कम्पाइल कसं केलंय तेही बघावं लागतं. पुण्यात मेनफ्रेमवर काम करून आलेली पोरं इथं हमखास एएस४००बिन४ लावतात आणि दिवसभर डोकं धरून बसतात. इंटेलच्या मशीनवरचं कोबॉल असेल तर तिसराच विषय, कॉम्प-५ हा मशीनच्या क्रमानं म्हणजे उलट्या बाइटनं जातो, आणि जावाचा बाइटबफर डिफॉल्टला बिग एंडियन असतो.

यूसेज न लिहिलेला साधा पिक एस९(५) म्हणजे झोन्ड. अधिक १२३४५ असेल तर एएस/४०० वर एफ१ एफ२ एफ३ एफ४ एफ५, उणे असेल तर शेवटी डी५, आणि डी५ हे इबीसीडिकमधलं इंग्रजी एन. म्हणजे उणे आकडा टेक्स्ट म्हणून वाचला तर १२३४एन दिसतो, आणि मेनफ्रेमवरून आलेला अधिक आकडा १२३४ई. कुणाला वाटतं डेटा करप्ट झालाय. नाही झालेला, शेवटच्या अक्षरात चिन्ह लपलंय. त्याला एएस४००झोन्डडेसिमल, आणि तेही एकूण आकडे, मग दशांश.

यातूनच पुढचं: अख्ख्या रेकॉर्डवर कधी कोडपेजचं कन्व्हर्जन चालवू नको. ज्या रेकॉर्डमध्ये पॅक्ड फील्ड आहे त्यावर टेक्स्ट म्हणून इबीसीडिक ते आस्की फिरवलं की पॅक्डचे बाइटसुद्धा अक्षरं समजून बदलले जातात आणि परत येत नाहीत. फाइल एफटीपीनं टेक्स्ट मोडमध्ये उतरवणारे हेच करतात. कन्व्हर्जन फील्डगणिक.

तारखा पटकन उरकते. आठ आकडी असेल तर सोपं. सात आकडी असेल तर पहिला आकडा शतकाचा, ० म्हणजे १९ आणि १ म्हणजे २०, म्हणजे गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसातली १४ जानेवारी २०२५ ही तिथं १२५०११४ अशी दिसेल. सहा आकडी असेल तर कुठल्या वर्षापासून २००० धरायचं हे प्रोग्राममध्ये कुठंतरी लिहिलेलं असतं, तेच धर, आपलं नवीन काढू नको. आणि कोबॉलकडं नल नावाचा प्रकार या फील्डमध्ये नाही, त्यामुळं तारीख नाही म्हणजे शून्य का ९९९९९९९९ हे विचारून घे, नाहीतर जावात लोकलडेट बनवताना शून्य महिन्यावर एक्सेप्शन येत राहतील.

आता मराठी नाव. तुझ्या नावाच्या फील्डचा सीसीएसआयडी (कुठलं कोडपेज ते सांगणारा नंबर) ३७ आहे असं तू लिहिलंस. त्या कोडपेजमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत, मग जावानं कितीही जीव तोडला तरी ती जाणार कुठं. तिकडं पोचेपर्यंत त्यांच्या जागी बदली चिन्ह बसलेलं असतं आणि ते परत वाचून नाव मिळत नाही. देवनागरीला इबीसीडिकमध्ये ११३७ आहे, युनिकोडवाले हवे असतील तर यूटीएफ-१६ चा १२०० आणि यूटीएफ-८ चा १२०८. पण नुसता सीसीएसआयडी बदलून भागत नाही, लांबीचं गणित बदलतं. "सोलापूर" या शब्दात काना-मात्रा धरून ७ कोडपॉइंट आहेत, यूटीएफ-१६ मध्ये १४ बाइट आणि यूटीएफ-८ मध्ये २१. एक्स(३०) मध्ये आपल्याकडची नावं, त्यातून तेलुगू आडनावांची, आणि मागं "अँड सन्स टेक्स्टाइल्स", ती बसणार नाहीत, आणि मधेच कापलं तर अर्ध्या अक्षराचा कचरा. फील्डवर ६५५३५ असेल तर अजून गंमत, त्याचा अर्थ कन्व्हर्ट करू नका, मग कच्चे बाइटच हातात येतात.

माझं म्हणणं विचारशील तर नाव या कॉलमधून काढूनच टाक. व्याज काढायला नाव लागत नाही. डीलर कोड पाठव, नाव पोर्टलच्या आपल्या टेबलात ठेव, आणि कोबॉलच्या फाइलीत इंग्रजी नाव आहे तसं राहू दे, त्यांच्या छापील बिलांना तेच लागतं. कॉल जितका बारीक तितका बरा. डीलर कोड एक्स(८) आहे, त्याला एएस४००टेक्स्ट ८ लांबीचा, तो मागं स्पेस भरून देतो, परत वाचताना ट्रिम करायला विसरू नको नाहीतर मॅपमध्ये की सापडत नाही म्हणून भटकशील. आणि ८ च्या वर अक्षरं आली तर ती दारातच अडव, आत सोडू नको.

आता ती दुसऱ्या डीलरची बेरीज. ही सगळ्यात गंभीर आहे आणि ही पॅरामीटरची चूक दिसत असली तरी आहे मेमरीची. कोबॉलचा वर्किंग स्टोरेज, म्हणजे प्रोग्रामच्या व्हेरिएबलची जागा, प्रोग्राम संपला म्हणून पुसला जात नाही, त्याच जॉबमध्ये परत बोलावलं की मागचे आकडे तसेच असतात. स्क्रीनवर बसलेला ऑपरेटर दिवसाला एकदा मेनूतून आत जायचा, तेव्हा कधी जाणवलं नाही. तुझ्याकडं कनेक्शन पूल आहे, म्हणजे सबसिस्टिम क्यूयूएसआरडब्ल्यूआरके मधले क्यूझेडआरसीएसआरव्हीएस नावाचे तेच ते जॉब सगळ्या डीलरांच्या रिक्वेस्ट फिरून फिरून घेतात. पहिल्याची बेरीज आत राहिली, दुसऱ्याची तिच्यावर चढली. इलाज तीन आहेत, प्रोग्राम आयडीला इनिशियल लावणं, किंवा बदलणारे व्हेरिएबल लोकल स्टोरेजमध्ये नेणं, किंवा प्रोसिजर डिव्हिजनच्या पहिल्याच पॅराग्राफमध्ये हातानं शून्य करणं. मी तिसरं करते कारण ते वाचणाऱ्याला दिसतं. आरपीजी (एएस/४०० वरची दुसरी भाषा) असता तर एलआर, म्हणजे मेमरी मोकळी करून संपायची खूण, ऑन करून बाहेर पडतोय का ते बघ असं म्हटलं असतं. टेस्ट सोपी आहे, एकाच कनेक्शनवर लागोपाठ दोन वेगळे डीलर बोलाव, मग उलट क्रमानं, उत्तरं तीच यायला हवीत. तुमच्या टेस्टमध्ये प्रत्येक वेळी नवीन कनेक्शन उघडत असणार म्हणून सापडलं नाही.

पूलच्या जॉबची लायब्ररी लिस्टही (फाइली कुठं कुठं शोधायच्या त्याची यादी) तुझ्या ग्रीन स्क्रीनच्या सेशनसारखी नसते. प्रोग्रामचा पूर्ण पाथ दिला तरी तो आत जाऊन फाइल उघडतो ती लिस्टमधून. फाइल सापडली नाही तर बरं, एरर येतो. टेस्ट लायब्ररीतली सापडली तर जुने आकडे येतील आणि ते खरेच वाटतील. म्हणून मी मध्ये एक छोटा सीएल (एएस/४०० ची कमांडची भाषा) प्रोग्राम घालते, तो लायब्ररी लिस्ट लावतो आणि मग कोबॉलला बोलावतो. त्यात एक गाठ मारून ठेव: कमांड लाइनवरून कॉल करून टेस्ट करशील तर तिथं लिहिलेला आकडा १५,५ चा पॅक्ड म्हणून जातो, तुझ्या ९,२ चा नव्हे, आणि ३२ पर्यंतची स्ट्रिंग मागं स्पेस लावून ३२ ची करून जाते, ३२ च्या वरची आहे तेवढीच जाते आणि तिच्या मागं काय असेल त्याचा भरवसा नाही. त्यामुळं "कमांड लाइनवरून चालत नाही आणि जावातून चालतं" किंवा उलट, या दोन्हीला फारसा अर्थ नाही. सीएलमध्ये व्हेरिएबल डिक्लेअर करून त्यातूनच कॉल कर.

प्रोग्राम पडला तर काय होतं हेही बघ. अशा जॉबमध्ये एरर आला की कधी कधी सी, डी, एफ, जी यातलं काय करू असा मेसेज सिस्टिम ऑपरेटरच्या क्यूवर जातो आणि जॉब एमएसजीडब्ल्यूमध्ये, म्हणजे उत्तराची वाट बघत, बसून राहतो. जावाच्या बाजूला काहीच येत नाही, थ्रेड वाट बघतोय. दहा डीलरांनी परत परत बटण दाबलं की पूल संपला आणि पोर्टल बंद, आणि सगळे म्हणणार जावा स्लो आहे. जॉबला इन्क्वायरी मेसेजचं उत्तर डिफॉल्टनं जाईल असं सेट करून घे. मग प्रोग्रामकॉलचा रन फॉल्स देतो आणि मेसेज लिस्टमध्ये एमसीएच१२०२ वगैरे दिसतं, ती लिस्ट पूर्ण लॉग कर. आणि रननं ट्रू दिलं म्हणजे काम झालं असं नाही, प्रोग्राम न पडता संपला एवढंच. डीलर सापडला नाही, व्याजाचा दर नाही, हे सांगायला लिंकेजच्या शेवटी दोन अक्षरी स्टेटस वाढवून घे. शेवटी, मधे नको, मधे घुसवलंस तर पुढच्या सगळ्यांच्या जागा सरकतील आणि तो प्रोग्राम बोलावणारे बाकीचे जुने प्रोग्राम तुझ्या नावानं खडे फोडतील.

आता कुठल्या रस्त्यानं बोलवायचं. तुझे पाच-सहा साधे पॅरामीटर आहेत, त्याला मी जेटी४०० चा प्रोग्रामकॉल वापरणारच नाही. एसक्यूएलमध्ये क्रिएट प्रोसिजर करून त्या प्रोग्रामलाच एक्स्टर्नल नेम दे, लँग्वेज जुना कोबॉल असेल तर कोबॉल आणि आयएलई असेल तर कोबॉलएलई, पॅरामीटर स्टाइल जनरल. रकमेला डेसिमल ९,२ लिहिलं की तो पॅक्ड जातो, न्युमेरिक लिहिलं की झोन्ड, कोडला कॅर ८. मग जावात साधा जेडीबीसीचा कॉलेबलस्टेटमेंट, सेटबिगडेसिमल आणि गेटबिगडेसिमल. बाइट, इबीसीडिक, पॅडिंग यातलं काही तुझ्या कोडमध्ये येत नाही आणि नवीन आलेल्या पोराला अर्ध्या तासात कळतं. त्या प्रोसिजरची व्याख्या हाच दोन्ही बाजूंचा करार. हां, ती लिंकेजशी जुळतेय का हे डेटाबेस तपासत नाही, ते डोळ्यांनीच, पण एकाच ठिकाणी आणि एकदाच.

स्ट्रक्चर मोठं असेल, आत ऑकर्स (कोबॉलचा अॅरे) असेल, बिलाच्या पन्नास ओळी एकदम परत येत असतील तर मात्र पीसीएमएल, म्हणजे पॅरामीटरचं वर्णन करणारी एक्सएमएल फाइल. त्यात कम्पायलरलाच पीजीएमइन्फो देऊन फाइल बनवून घेता येते, हातानं लांब्या मोजायच्या नाहीत. सुट्टे पॅरामीटर वाढवत नेऊ नको, प्रोग्रामकॉलला पस्तीसची मर्यादा आहे, आणि तिथपर्यंत पोचण्याआधीच माणसाची मर्यादा संपते. सगळं एका ०१ लेव्हलखाली एक ग्रुप करून एकच पॅरामीटर पाठव.

उलटं, म्हणजे कोबॉल किंवा आरपीजीतून जावाला बोलवायचं, ते जमतं. आरपीजीत व्ही५आर१ पासून एक्स्टप्रॉकला स्टार जावा देऊन मेथड बोलावता येते. पण जेव्हीएम त्या जॉबच्या आतच उभी राहते, एकदा चालू झाली की क्लासपाथ बदलत नाही, आणि आरपीजीनं बनवलेल्या ऑब्जेक्टांचे लोकल रेफरन्स आपण सोडले नाहीत तर रात्रीच्या बॅचमध्ये लाखभर रेकॉर्डनंतर मेमरी फुगते. तुला एसएमएस पाठवण्यासारखं काम असेल तर डेटा क्यूवर एक ओळ टाक, जावा पलीकडून वाचून घेईल, दोघांनी एकमेकांची वाट बघायची गरज नाही. मेनफ्रेमवर सीआयसीएसवाले (तिथली ऑनलाइन व्यवहार चालवणारी सिस्टिम) पूर्वी कॉमएरियातून ३२ केबीच्या आत पाठवायचे, आता चॅनल-कंटेनर आहेत, आणि एंटरप्राइझ कोबॉल ६.४ मध्ये २०२२ पासून कोबॉल आणि जावा एकमेकांना थेट बोलावू शकतात, पण ते तुझ्या मशीनवर नाही. ग्नूकोबॉलवाले कोणी वाचत असतील तर एकच सांगते, जावाच्या प्रोसेसमध्ये बसवलेल्या प्रोग्रामात स्टॉप रन ठेवू नका, जेव्हीएम सकट सगळं जातं, गोबॅक लिहा.

तपासायची पद्धत माझी अशी. जावात कॉलच्या आधी आणि नंतर प्रत्येक पॅरामीटरचे बाइट हेक्समध्ये लॉग कर, फक्त टेस्टला. तिकडं स्टार्ट डीबग लावून प्रोग्रामच्या पहिल्या ओळीला थांब आणि एव्हॅलला कोलन एक्स लावून तोच फील्ड हेक्समध्ये बघ. दोन्हीकडं ०० ५० ०० ०० ०एफ दिसलं तर ५०,००० बरोबर पोचले. टेस्टला आकडे मुद्दाम वाकडे निवड, १२३४५.६७ सारखे, प्रत्येक आकडा वेगळा म्हणजे सरकलेला लगेच दिसतो. ५०,००० नं टेस्ट केलंस म्हणूनच शून्यांत शंभरचा फरक लपला. एक उणे रक्कम, एक शून्य, एक स्लॅबच्या अलीकडची आणि एक पलीकडची, एक ९९,९९,९९९.९९, एवढं कर.

आणि दुरुस्ती चढवायच्या आधी एक काम. पोर्टल किती दिवस लाइव्ह आहे ते बघून त्या काळात लाखाच्या वर रक्कम असलेल्या डीलरांची यादी काढ, त्यांना स्क्रीनवर दिसलेलं व्याज आणि खरं व्याज शेजारी शेजारी लाव आणि अकाउंट्सवाल्यांच्या हातात दे. कोणी ते व्याज बघून पैसे भरले असतील तर फरकाची नोंद त्यांना टाकावी लागेल, आणि हे त्यांना डीलरच्या फोनवरून कळण्यापेक्षा तुझ्याकडून कळलेलं बरं. लिंकेज सेक्शन आणि कम्पाइलचे ऑप्शन पाठव, प्रोसिजरची व्याख्या मी लिहून देते.